आजोबांच्या पलटणीचा माग

विरार पूर्वेकडील चंदनसारसारख्या वस्त्यांत कोकणातून आणि घाटावरून येऊन स्थिरावलेल्या काही कुटुंबांत दुसऱ्या महायुद्धाची आठवण ‘आजोबा इटलीला लढले’ किंवा ‘बर्मात होते’ एवढ्या एका वाक्यापुरतीच उरलेली असते. सुमारे २५ लाखांच्या तत्कालीन भारतीय सैन्यातून एका शिपायाचा माग काढताना देशाच्या नावाचा फारसा उपयोग होत नाही. त्यासाठी लष्करी क्रमांक आणि बटालियन, म्हणजे रेजिमेंटमधील सात-आठशे सैनिकांची स्वतंत्र पलटण, ठाऊक असावी लागते.

या दोन्ही गोष्टी पुष्कळदा घरातच सापडतात. सेवामुक्तीच्या दाखल्यावर त्या असतातच, पण दाखला वाळवीने खाल्ला असला तरी पदक टिकलेले असते. त्या युद्धाची पदके ब्रिटिश सैनिकांना कोरी मिळत, तर भारतीय सैनिकांच्या पदकांवर क्रमांक व नाव सहसा उमटवलेले असे, म्हणून ट्रंकेतले पदक ब्रासोने लख्ख करण्याची घाई न करता आधी ते भिंगाखाली नीट पाहावे.

पुढचा अर्ज रेकॉर्ड ऑफिसकडे, म्हणजे त्या रेजिमेंटच्या सैनिकांची सेवापत्रके सांभाळणाऱ्या कार्यालयाकडे, करावा लागतो. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे हे कार्यालय बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागरला आणि बॉम्बे सॅपर्सचे पुण्याजवळ खडकीला आहे. ‘शीट रोल’ नावाचे सेवापत्रक हाती लागले तर भरतीची तारीख, वडिलांचे नाव, गाव, बढत्या आणि परदेशातील सेवा एकत्र मिळते. अर्जात जिल्हा मात्र त्या काळचा लिहावा लागतो: सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीचा भाग होता, रायगडाचे नाव तेव्हा कुलाबा होते आणि २०१४ साली झालेल्या पालघर जिल्ह्याचा प्रदेश ठाण्यात मोडत होता. चंदनसारचा आजचा पत्ता केवळ पत्रव्यवहारापुरता.

बटालियन कळली की तिची वॉर डायरी, म्हणजे अधिकाऱ्याने रोज लिहिलेली मुक्काम, हालचाल आणि हानी यांची नोंद, लंडनमधील क्यू येथील ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पाहता येते. तीत अधिकाऱ्यांची नावे भरपूर असतात, शिपायांची क्वचितच. त्यामुळे आजोबांची पलटण अमुक दिवशी कोठे होती हे सिद्ध होते, त्यांनी तेथे काय केले हे बहुतेक वेळा सिद्ध होत नाही, आणि ही मर्यादा सुरुवातीलाच मान्य केलेली बरी. २/५, म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची दुसरी बटालियन, जून १९४२ मध्ये तोब्रुक पडले तेव्हा शत्रूच्या हाती सापडली. अशा पलटणीतील सैनिकाचा पुढचा शोध युद्धकैद्यांच्या नोंदींत, जिनिव्हाच्या रेडक्रॉस अभिलेखागाराकडे वळतो.

माणगाव तालुक्यातील पळसगाव-आमडोशीचे नाईक यशवंत घाडगे यांच्याविषयी मात्र पुष्कळ माहिती आहे, ती त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला म्हणून. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबरच्या वरच्या खोऱ्यात, मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनमधील इतर सर्व जण मारले गेले किंवा जखमी झाले, तेव्हा त्यांनी एकट्याने गनवर चाल केली आणि गोळ्या संपल्यावर बंदूक उलटी धरून प्रहार केले. ठाणे जिंकल्यावर ते शत्रूच्या गोळ्यांना बळी पडले. त्यांची कबर ज्ञात नाही. नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे, आणि २०२३ मध्ये मोंतोने येथे त्यांच्या नावाचे सूर्यघड्याळ उभारले गेले. त्यांची ३/५ पलटण पुढे पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली, त्यामुळे जुन्या नावानेच तिचा शोध घेणाऱ्याची वाट चुकू शकते. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची नामसूची तर केवळ मृतांची असल्याने, घरी परतलेले आजोबा तीत सापडले नाहीत म्हणून ते सैन्यात नव्हतेच, असा निष्कर्ष काढणे चूक ठरते.

सोबती शोधण्याचे काम याहून अवघड आहे, कारण १९४५ साली अठरा वर्षांचा असलेला तरुण आज शंभरीच्या उंबरठ्यावर असणार. तरी भरती बहुधा ठरावीक तालुक्यांतून होत असल्याने एकाच पलटणीतले जवान शेजारच्या गावांत असण्याचा संभव मोठा असतो, म्हणून चौकशी चंदनसारपेक्षा मूळ गावी करावी. महाराष्ट्र शासन दुसऱ्या महायुद्धातील निवृत्तिवेतन नसलेल्या सैनिकांना व त्यांच्या विधवांना मानधन देते; त्या नोंदींसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावे, आणि सोबती हयात नसला तरी त्याची पत्नी किंवा मुलगी भेटल्यास तिच्याकडचे गटाचे छायाचित्र आधी मागून घ्यावे, कारण अशा छायाचित्रामागे पलटणीचे नाव लिहिलेले असू शकते.