शब्दओळख : ‘बेताने’

मुलांनो, या अंकासाठी आम्ही ‘बेताने’ हा शब्द घेतला आहे. ‘जोराने’ म्हणजे जोर लावून, तसे ‘बेताने’ म्हणजे बेत करून, असे पुष्कळांना वाटते. पण हा शब्द वेगळ्या वाटेने गेला आहे.

बेत म्हणजे आधी ठरवलेली योजना. १६६६ साली शिवाजी महाराजांनी आग्र्याहून सुटण्याचा बेत आखला. आजाराचे निमित्त केले, मिठाईचे पेटारे रोज बाहेर पाठवले, पहारेकऱ्यांना त्यांची सवय होऊ दिली आणि मग ते निसटले. इतका विचारपूर्वक केलेला बेत! तरीही ‘महाराज बेताने निसटले’ असे आपण म्हणत नाही. तिथे ‘बेत आखून’, ‘ठरवून’ किंवा ‘पद्धतशीरपणे’ हे शब्द हवेत.

मग ‘बेताने’ म्हणजे काय? शिंपी कापड बेततो, म्हणजे मापे घेऊन कापतो. हे माप लक्षात ठेवा. ‘बेताने’ म्हणजे मापात, जपून, जेवढ्यास तेवढे. ‘भाजीत मीठ बेताने घाल.’ ‘पैसे बेताने खर्च कर.’ तसेच ‘बेताची उंची’ म्हणजे फार नसलेली उंची आणि ‘बेताची परिस्थिती’ म्हणजे जेमतेम भागणारी.

सुट्टीत भारतात जाताना ‘आम्ही बेत आखून सामान भरले’ म्हणजे आधी यादी करून भरले. ‘बेताने भरले’ म्हणजे थोडेच भरले. दोन्ही वाक्ये बरोबर, पण अर्थ निराळे.

हा फरक नात्यांतही जपावा लागतो. फोनवर आजीला ‘आमच्याकडे बेताने ये’ म्हणालात, तर तिला वाटेल की आपण फार येऊ नये. तुम्हाला तर तिला अल मजाजला खालिद तलावाकाठी रोज फिरायला न्यायचे असते! म्हणून सांगा, ‘आजी, नीट ठरवून ये आणि भरपूर दिवस राहा.’

पालकांना विनंती : मुले हा शब्द चुकली तर हसू नये. जेवण वाढताना, बाजारहाट करताना तो आपणच सहज वापरावा. कानावर पडलेला शब्द लवकर रुजतो.

गृहपाठ : ‘बेत’, ‘बेताने’, ‘ठरवून’ यांपैकी योग्य शब्द भरा.
१. आज घरी पुरणपोळीचा ____ आहे.
२. डॉक्टरांनी बाबांना गोड ____ खायला सांगितले.
३. आम्ही सगळे ____ एकाच रंगाचे कपडे घालून आलो.

उत्तरे पुढच्या तासाला वहीत लिहून आणा.