रबरी लेपापूर्वी मीठ धुवा
निडीच्या परिसरात पाऊस मुसळधार. खाली अंबा व कुंडलिका नद्यांच्या खाड्यांकडे जमीन खारी. ओल, हवा व मीठ एकत्र आले म्हणजे लोखंड झपाट्याने गंजते. फावडे, कुदळ व ट्रॉलीच्या चाकांची रिम यांना रबरी लेप दिल्यास पाणी लोखंडापर्यंत पोहोचत नाही. परंतु गंजावर दिलेला लेप मीठ व ओल आतच कोंडतो आणि लोखंड आतून खाल्ले जाते. म्हणून शेतकरी बंधूंनी अवजार प्रथम गोड्या पाण्याने धुवावे, तारेच्या ब्रशने गंज खरवडावा, उन्हात पूर्ण वाळवावे व मगच पातळ थर द्यावेत. धार, आस, नटबोल्ट व ब्रेक यांना लेप लावू नये. धारेस तेल पुरे. लेप फुगलेला दिसताच खरवडून काढावा. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी वैशाखातच हे प्रात्यक्षिक एका अवजारावर करून दाखवावे.