हळद, धोतरा आणि फवारणीचं विष

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. विष कातडीतून आणि श्वासातून अंगात गेलं होतं. तरीही विष पोटात गेलं तरच बाधतं, आणि फवारणीआधी पेलाभर दूध प्यायलं की भागतं, असं मानणारे आजही भेटतात. दूध कातडीला कवच घालत नाही.

दुसरा समज जरा शिकलेला आहे: हळदीतलं कर्क्युमिन कीटकनाशकापासून हृदय वाचवतं, मग रोज हळद खा. प्रयोगशाळेत उंदरांना कीटकनाशकाबरोबर किंवा त्याआधीपासून कर्क्युमिन दिलं, तर त्यांच्या हृदयाच्या पेशींची हानी कमी झालेली दिसते, हे खरं. पण तिथं शुद्ध कर्क्युमिन वजनानुसार मोजून देतात. हळदपुडीत ते जेमतेम 3 टक्के, आणि त्यातलंही फार थोडं आतड्यातून रक्तात उतरतं. विषबाधा झालेल्या माणसाला हळदीचं दूध पाजणं म्हणजे दवाखान्यात नेण्याची वेळ वाया घालवणं.

गंमत अशी, की वनस्पतीतून आलेलं एक द्रव्य काही कीटकनाशकांपासून हृदय खरोखर वाचवतं, आणि त्याची फारशी चर्चा होत नाही. ते म्हणजे ॲट्रोपिन. बेलाडोनासारख्या धोतऱ्याच्या कुळातल्या झाडांतून ते 1830 च्या दशकात वेगळं काढलं गेलं. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकं शरीरातलं एक विकर बंद पाडतात. त्या विकराचं काम ॲसिटिलकोलीन हा चेतांचा निरोप्या वेळच्या वेळी पुसून टाकणं. तो साचला की तोंडाला लाळ सुटते, छातीत पाणी भरतं आणि हृदयाला 'हळू, हळू' असा एकच निरोप पोचत राहतो. ठोके मंदावतात, रक्तदाब कोसळतो. ॲट्रोपिन हृदयावरची निरोप घेणारी जागाच अडवतं. प्रौढाला साधारण 1 ते 3 मिलिग्रॅम शिरेतून देतात. पाच मिनिटांत फरक पडला नाही तर मात्रा दुप्पट. छाती कोरडी होईपर्यंत आणि ठोके मिनिटाला 80 च्या वर जाईपर्यंत हे चालतं.

मग धोतऱ्याचं बी उगाळून द्यावं? अजिबात नाही. एका झाडातलं विष दुसऱ्याएवढं नसतं, एका बोंडातलंही नाही. रोगी भ्रमिष्ट होतो, नाडी बेफाम धावते आणि डॉक्टरांपुढे दोन विषं येऊन पडतात.

ॲट्रोपिन दिलं म्हणजे सुटलो, हेही खरं नाही. स्नायूंवरचा परिणाम ते उतरवत नाही. एक ते चार दिवसांनी मान आणि श्वासाचे स्नायू लुळे पडू शकतात, तेव्हा व्हेंटिलेटरच लागतो. हृदयाची लय बिघडण्याचा धोकाही काही दिवस असतो, म्हणून ईसीजीवर नजर ठेवतात. बरं वाटलं म्हणून दुसऱ्या दिवशी रोग्याला घरी नेण्याची घाई जिवावर बेतते.

शेतात कोणी कोसळलं, तर आधी भिजलेले कपडे काढून अंग साबणाने धुवावं, उलटी करायला लावू नये. दवाखान्यात जाताना डबा किंवा त्यावरची चिठ्ठी बरोबर न्यावी, कारण प्रत्येक विषावरचा उपाय एकच नसतो. धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनिअम फॉस्फाइडच्या गोळ्याही हृदयावरच घाला घालतात. पण त्यांना उतारा नाही, आणि ॲट्रोपिनचा तिथं काही उपयोग होत नाही.