गायी, कवाड आणि सोनगडचा किल्ला

सुरतेहून भुसावळकडे जाणारी गाडी व्यारा सोडून पुढे निघाली की सपाट शेतं मागे पडतात आणि डोंगर दिसू लागतात. दिवाळीत ही गाडी नंदुरबार-धुळे-जळगावच्या माणसांनी खच्चून भरलेली असते. डोक्यावर पिशव्या, मांडीवर पोरं, आणि सगळ्यांचं लक्ष नवापूर कधी येतं याकडे. त्याच्या अलीकडचं सोनगड फारसं कुणी बघत नाही. बडोद्याच्या गायकवाड घराण्याचं पहिलं ठाणं मात्र याच सोनगडावर होतं.

घराण्याची आवडती कथा सोनगडची नाही, ती मावळातली आहे. नंदाजी हा पूर्वज भोर किल्ल्यावर अधिकारी होता. एके दिवशी खाटीक गायी हाकत खालून चालला होता. नंदाजीनं गायी सोडवल्या आणि त्या किल्ल्याच्या कवाडातून आत घुसल्या. गाय आणि कवाड, म्हणून गायकवाड. कथा गोड आहे, आणि राजघराण्याला अशी कथा लागतेच. पेरूतल्या इंका राजांचा मूळपुरुष मान्को कापाक सूर्यानं दिलेली सोन्याची काठी घेऊन निघाला आणि जिथे ती एका घावात जमिनीत शिरली तिथे त्यानं कुस्को वसवलं, असं सांगतात. इंका आईच्या पोटी जन्मलेल्या गार्सिलासोनं ही कथा लिहिली, ते पुस्तक छापलं गेलं 1609 मध्ये. तोवर साम्राज्य बुडालेलं होतं. दोन्ही कथा एकच काम करतात. सत्ता मिळवली असं न म्हणता ती पुण्याईनं आली असं म्हणतात.

सत्ता कशी आली, ते पिलाजीरावांच्या आयुष्यात दिसतं. पुणे जिल्ह्यातल्या दावडीचे पाटील दमाजी हे सेनापती खंडेराव दाभाड्यांच्या फौजेत होते. 1720 मध्ये बाळापूरच्या लढाईत त्यांनी शौर्य गाजवलं आणि शाहू महाराजांनी त्यांना 'समशेर बहादूर' किताब दिला. पुढच्याच वर्षी ते वारले. मागे राहिले पुतणे पिलाजीराव. त्याआधीच त्यांना नवापुरात इतर मराठा सरदारांच्या माणसांनी टिकू दिलं नव्हतं, म्हणून ते पश्चिमेला सरकले आणि 1719 मध्ये मेवासी भिल्लांकडून सोनगड घेतला.

ही जागा त्यांनी किती अचूक हेरली, हे नकाशा उघडला की कळतं. मागे खानदेशची वाट आणि दाट रान, समोर तापीचं सुपीक खोरं, आणि त्याच्या टोकाला मोगलांचं श्रीमंत बंदर सुरत. शिवाजी महाराज 1664 आणि 1670 मध्ये सुरतेवर आले आणि परत गेले. पिलाजीराव तिच्या उंबऱ्यावरच राहायला आले. भिल्ल आणि कोळी यांच्याशी त्यांनी दोस्ती जोडली. रानातल्या वाटा ज्यांच्या पायाखालच्या, त्यांच्या मदतीशिवाय गुजरातेत पाय रोवता आले नसते. 1723 मध्ये त्यांनी सुरतेच्या बाजूला चढाई करून मोगल अधिकारी मोमीनखान याचा पराभव केला. सुरतेभोवतालच्या अठ्ठावीस परगण्यांना, म्हणजे अठ्ठाविशीला, खंडणीसाठी दरसाल येणारे घोडेस्वार ठाऊक झाले. गावच्या शेतकऱ्याला चौथाई म्हणजे काय वाटलं असेल, याचा विचार आपण मराठी माणसांनीही करायला हवा.

1725 चं प्रकरण तर अवघडच आहे. सुरतेचा सुभेदार रुस्तम अली आपल्या शत्रूवर, हमीदखानावर चालून गेला, तेव्हा पिलाजीराव त्याच्या बाजूनं होते. आडासच्या लढाईत ते उलटले आणि रुस्तम अलीचा अंत झाला. त्या काळात तसं करणारे ते एकटे नव्हते. तरी तो विश्वासघातच होता असं मी म्हणेन. पूर्वजावर प्रेम करायचं तर त्याला सोवळ्यात गुंडाळून ठेवण्याची गरज नाही.

1 एप्रिल 1731 रोजी भिलापूरजवळ बाजीराव पेशव्यांनी सेनापती त्रिंबकराव दाभाड्यांना हरवलं. त्रिंबकराव पडले, दाभाड्यांच्या बाजूनं लढणारे पिलाजीराव जखमी झाले आणि त्यांचा मुलगा सयाजी ठार झाला. तरीही शाहू महाराजांनी अल्पवयीन यशवंतराव दाभाड्यांचा कारभार पिलाजीरावांकडे दिला आणि 'सेना खासखेल' हा किताबही. एका वर्षानं डाकोरला मारवाडचा राजा आणि मोगलांचा गुजरातेतला सुभेदार अभयसिंह याचे वकील पिलाजीरावांशी तहाच्या बोलण्यासाठी आले. एका संध्याकाळी त्यांच्यातला एक जण काही सांगायचं राहिलं असं म्हणून परत आला, पिलाजीरावांच्या कानाशी वाकला आणि त्यानं कट्यार खुपसली. मारेकऱ्याला तिथेच मारण्यात आलं. लोकांनी पिलाजीरावांचा देह मही ओलांडून नेला आणि सावली या गावी दहन केलं.

अभयसिंहानं गायकवाडांकडून बडोदं घेतलं. 1734 मध्ये ते गायकवाडांकडे परत आलं, ते संस्थान विलीन होईपर्यंत त्यांच्याचकडे राहिलं. पिलाजीरावांचा मुलगा दमाजीराव 1761 मध्ये पानिपतावर लढला. बडोद्याच्या महाराजांच्या बिरुदावलीत 'सेना खासखेल समशेर बहादूर' शेवटपर्यंत होतं, म्हणजे बाळापूर आणि भिलापूर त्यांच्या नावातच होते.

यंदा गावी जाताना उकाई-सोनगड स्टेशनवर एकदा उतरा. पोरांना गायी आणि कवाडाची गोष्ट जरूर सांगा, मग किल्ल्यावर चढून पश्चिमेकडे सुरतेचा मैदानी मुलूख दाखवा आणि पिलाजीरावांची गोष्टही सांगा.