जंगलवाटेसाठी कोयता घेताना : चकाकी नव्हे, पोलाद पाहा

गिरगाव चौपाटीवर शहाळेवाल्यापाशी कधी पाच मिनिटे उभे राहून पाहावे. त्याच्या कोयत्याला ना चकाकी, ना नक्षी. मूठ घामाने काळी पडलेली असते. पण चार घावांत शहाळ्याचे तोंड मोकळे होते आणि दिवसभर हात दुखत नाही. चांगले हत्यार म्हणजे काय, याचा हा पहिला धडा आहे.

हे सांगण्याचे कारण असे. गावी जाणारे आपले कोकणी बंधू आणि सह्याद्रीत फिरणारी तरुण मुले हल्ली मोठा सुरा मागतात. बाजारात चकचकीत ‘जंगल सुरे’ येतात. पात्याला करवतीचे दात, मूठ पोकळ आणि तिच्या टोपणात होकायंत्र. आम्हीही एकदा असाच एक घेतला. घाटात वाळलेली फांदी तोडताना तिसऱ्याच घावाला पाते मुठीपासून सुटले आणि सोबत्याच्या कानाजवळून गेले. खुदाची मेहेरबानी, इजा झाली नाही. उघडून पाहिले तर पाते मुठीत बोटाच्या पेराएवढेच गेलेले होते. कापडाच्या धंद्यात आम्ही कांजी धुऊन सूत पाहतो; येथे मात्र वरच्या कांजीलाच भुललो.

तेव्हा आधी काम ठरवावे. नुसते गवत आणि कोवळ्या वेली छाटायच्या असतील तर दोन मिलिमीटर जाडीचे लांब, हलके पाते पुरते. दक्षिण अमेरिकेतला मॅशेटी हा त्याच जातीचा. लाकूड तोडायचे तर वजन पुढे हवे, म्हणून नेपाळची खुकरी पुढे झुकलेली असते. आपल्या कोकणी कोयत्याची चोच दोन कामे करते : करवंदीची काटेरी जाळी ओढून धरते, आणि जमिनीलगत घाव घालताना धारेऐवजी स्वतः दगडावर आपटते.

दुसरी गोष्ट पोलादाची. ज्यात निदान साडेदहा टक्के क्रोमियम असते ते स्टेनलेस. ते सहसा गंजत नाही, पण स्वस्त मालात धार टिकत नाही. साधे कार्बन पोलाद गंजते, परंतु घाव सोसते आणि रानात साध्या दगडावरही धार धरते. पुष्कळ लोहार ट्रकच्या कमानपाट्यापासून कोयते घडवतात. हे पोलाद उत्तम. पण पाटा जुना असेल तर वर्षानुवर्षांच्या हिसक्यांनी त्यात बारीक चिरा पडलेल्या असू शकतात. म्हणून पाते उन्हात धरून दोन्ही बाजूंनी पाहावे.

तिसरी गोष्ट पाण्याची. लाल तापलेले पाते विझवून लोहार त्याला ‘पाणी देतो’, तेव्हा ते कडक होते. पण तेवढ्यावर थांबले तर काचेसारखे तुटते. म्हणून पुन्हा मंद आचेवर तापवून कडकपणा बेताचा करतात. पारख सोपी आहे. दुकानदाराच्या परवानगीने धारेजवळ बारीक कानस फिरवावी. कानस लोण्यासारखी घुसली तर पाते मऊ, नुसतीच घसरली तर फार कडक. थोडी धरावी, थोडी सरकावी, ते पाते बरे. धारेशी निळा डाग दिसला तर समजावे की घासताना पाते सुमारे तीनशे अंशांपर्यंत तापले आणि तेथले पाणी बहुधा उतरले.

चौथी गोष्ट मापाची. लाकूडकामाला दहा ते बारा इंचांचे पाते आणि मुठीजवळ पाच-सहा मिलिमीटरची पाठ पुरे. याहून जड घेतले तर तासाभरात मनगट थकते, आणि थकलेला हातच पायावर घाव घालतो.

पाचवी गोष्ट मुठीची, आणि हीच सर्वांत मोठी. पात्याची शेपटी मुठीच्या आरपार गेलेली असावी आणि मागे ठोकून बसवलेली असावी, किंवा पूर्ण रुंदीची असून तिला निदान दोन-तीन रिवेट असावेत. बाभळीची मूठ चांगली. गुळगुळीत पॉलिश नको, घामाने सटकते. शेतकरी कोयता कमरेच्या आकडीत अडकवतो; लांबच्या चालीला मात्र झाकलेले म्यान हवे. घरी आल्यावर पाते म्यानात ठेवू नये, चामडे ओल धरते. पुसून खोबरेल लावावे आणि कापडात गुंडाळावे.

आता कायद्याचे. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे सुरे शस्त्रांत मोडतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक वा औद्योगिक कामासाठी बनवलेले वगळले आहेत. शेतीचा कोयता त्यामुळे वेगळा ठरतो, ‘जंगल सुरा’ ठरेलच असे नाही. शिवाय मुंबई पोलीस कायदा, १९५१ (आता महाराष्ट्र पोलीस कायदा) याच्या कलम ३७ खाली मनाई हुकूम निघतो, तेव्हा हत्यार बाळगून फिरणे गुन्हा होतो. म्हणून गावी नेताना कोयता गोणपाटात बांधून सामानाच्या तळाशी ठेवावा आणि पावती जवळ असावी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तर ‘शस्त्र’ या शब्दात सुरीही येते. लेखी परवानगीवाचून ते अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात नेता येत नाही. बोरिवलीचे उद्यान, कर्नाळा, मुरुडजवळचे फणसाड, कोयना, भीमाशंकर, या साऱ्यांना हे लागू आहे. तेथे हत्यार घरीच बरे.

शेवटी दुकानदार आणि कारागीर बंधूंना दोन शब्द. कोयता टोळ्यांच्या बातम्यांनी या मालाकडे लोक संशयाने पाहू लागले आहेत. छापील पावती द्या, पोरसवदा गिऱ्हाईक असेल तर काम विचारा, आणि पोलाद जुन्या पाट्याचे असेल तर तसे सांगा. कापडातला ऐब लपवला तर गिऱ्हाइकाचे पैसे जातात; कोयत्यातला लपवला तर बोट जाते, कधी जीवही.