वेगळं ठेवलं तरच परत येतं

बीदरच्या बिदरी कामात कानस दोनदा चालते. पहिल्यांदा भांडं साच्यातून बाहेर आल्यावर, त्याचा खडबडीतपणा घालवायला. दुसऱ्यांदा नक्षीच्या खाचांत चांदी ठोकून बसवल्यावर, सगळा पृष्ठभाग एकसारखा करायला. पहिल्या वेळी पडतो तो जस्त आणि तांब्याचा चुरा, साधारण सोळास एक या प्रमाणातला. तो मुशीत टाकला की पुन्हा ओतकामाला तयार. दुसऱ्या चुऱ्यात चांदी मिसळलेली असते. जस्त ४२० अंश सेल्सियसच्या आसपास वितळतं, चांदीला ९६२ अंश लागतात. त्यामुळे तापवल्यावर चांदी तळाशी वेगळी राहील असं वाटेल. प्रत्यक्षात वितळलेल्या जस्तात चांदी विरघळते. मग ती सोडवायला रसायनं आली, खर्च आला. हे दोन चुरे वेगळे ठेवले तर दोन्हींनाही भाव आहे. एकत्र झाले तर चांदी जस्तात अडकते आणि जस्तही ओतकामाला नीट राहत नाही.

पुनर्चक्रीकरण म्हणजे वापरून झालेल्या वस्तूतला माल काढून त्याची नवी वस्तू करणं. त्यासाठी भट्टी लागते, यंत्रं लागतात, हे खरं. पण ते जमणार की फसणार हे बहुतेक वेळा भट्टीच्या फार आधी ठरलेलं असतं: माल मिसळला त्या क्षणी.

मोडीचा जुना हिशेब

भाल्की, औराद, बसवकल्याण, आळंद या भागातल्या मराठी घरांना हा व्यवहार नवा नाही. गळकी घागर, चेपलेला तांब्या कासाराकडे मोडीत जायचा. घट वजा करून नवं भांडं घरी यायचं. हे पुनर्चक्रीकरणच. जुन्या लुगड्यांची वाकळ (शेजारच्या कानडी घरातली कौदी) हा त्याच्याही आधीच्या पायरीचा प्रकार, पुनर्वापराचा. त्यात वस्तू वितळत नाही की लगदा होत नाही, म्हणून ऊर्जाही जवळजवळ लागत नाही. बोहारणीला कपडे देऊन घेतलेलं स्टीलचं पातेलं याच व्यवहारातलं.

शेतातही तेच. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण तुरीचं झाड डाळीपुरतं कधीच नव्हतं. तुराट्या कुडाला आणि चुलीला, डाळ भरडताना निघालेली चुनी जनावरांच्या दावणीला. बीदर जिल्ह्यातल्या साखर कारखानदारीने हाच हिशेब मोठ्या मापात मांडला. उसाचं चिपाड बॉयलरमध्ये जळून वाफ आणि वीज देतं, मळीपासून अल्कोहोल होतं, रस गाळताना उरलेली प्रेसमड खत म्हणून शेतात जाते. यातलं काहीच उकिरड्यावर जात नाही, कारण प्रत्येक गोष्ट यंत्रातून वेगळीच बाहेर पडते. घरातला कचरा मात्र आपण स्वतःच्या हाताने एकत्र करतो.

ज्याचा त्याचा स्वभाव

धातू आणि काच कितीही वेळा वितळवली तरी त्यांचा मूळ गुण टिकतो. खाणीतल्या बॉक्साइटपासून ॲल्युमिनियम काढायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्यात सुमारे ९५ टक्के बचत जुनं ॲल्युमिनियम वितळवल्याने होते. म्हणून भंगारवाला पिचलेली पातेली हसत घेतो. कागदाचं तसं नाही. दर वेळी लगदा करताना त्याचे तंतू आखूड होतात. पाच-सात फेऱ्यांनंतर त्यातून धड कागद होत नाही. शिवाय तेल लागलेला किंवा आमटीने भिजलेला कागद पहिल्या फेरीलाही चालत नाही.

सगळ्यांत अवघड प्लास्टिक, कारण ते एक नव्हेच. बाटल्या-डब्यांच्या तळाशी त्रिकोणात १ ते ७ असा आकडा असतो, तो प्लास्टिकची जात सांगतो. पाण्याची बाटली १ क्रमांकाची, म्हणजे पेट. ती वितळवून धागा काढतात आणि त्याचं कापड होतं. पण त्या ढिगात ३ क्रमांकाचं पीव्हीसी थोडं जरी घुसलं, तर पेट वितळण्याच्या उष्णतेला त्याचं विघटन होतं, ते आम्ल सोडतं आणि सगळा घाणा बिघडवतं. चिवड्याच्या चकचकीत पाकिटाची गत आणखी वाईट. त्यात प्लास्टिकचे थर आणि ॲल्युमिनियमचा पातळ मुलामा असे चिकटलेले असतात की सोडवण्याचा खर्च मालाच्या किमतीला परवडत नाही.

२०१७ साली अमेरिकी संशोधकांनी मांडलेला जगाचा हिशेब असा: २०१५ पर्यंत सुमारे ८३० कोटी टन प्लास्टिक तयार झालं. त्यातलं ६३० कोटी टन कचरा झालं, आणि त्या कचऱ्यातलं जेमतेम ९ टक्के पुनर्चक्रीकरणाला गेलं. तब्बल ७९ टक्के कचराभूमीत किंवा उघड्यावर साचलं.

सिमेंटची भट्टी

मग उरलेल्या मिसळीचं काय करायचं? कलबुर्गी जिल्हा चुनखडीचा. वाडी, मळखेड, सेडम ही सिमेंटची गावं. सिमेंटच्या भट्टीत माल सुमारे १४५० अंशांपर्यंत तापतो. इतक्या उष्णतेत सुका, न विकला जाणारा कचरा कोळशाच्या जोडीने जाळता येतो आणि त्याची राख क्लिंकरमध्येच, म्हणजे सिमेंटच्या भाजलेल्या खड्यांतच, सामावते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचऱ्यापासून इंधन करणाऱ्या केंद्राच्या १०० किलोमीटरच्या आतल्या उद्योगांना निदान ५ टक्के इंधन असं वापरायला सांगितलं. औष्णिक वीज केंद्रातली राखही सिमेंटमध्ये मिसळली जाते, तेवढी चुनखडी भाजायची वाचते.

उकिरड्यावर पेटवून धूर खाण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं. पण जाळलेलं प्लास्टिक पुन्हा प्लास्टिक होत नाही. भट्टी हा नाइलाजाचा मुक्काम आहे. जे वेगळं ठेवून विकता आलं असतं, ते तिथे धाडणं म्हणजे मोड न घेताच घागर देऊन टाकणं.

वेचणारे हात

आपण मिसळतो ते कुणीतरी हातांनी वेगळं करतं. कर्नाटकातल्या अनेक ग्रामपंचायतींनी कचरा गोळा करून निवडण्याचं काम बचत गटांतल्या महिलांकडे सोपवलं आहे. काहीजणी गाडीही स्वतःच चालवतात. शहरांत कागद-काच-पत्रा वेचणारे आणि भंगारवाले आहेत. डायपर, फुटकी काच, सुया आणि शिळं अन्न एकाच पिशवीत बांधलं की इजा त्यांना होते. गाडी-इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटरीतलं शिसं तर पुन्हा पुन्हा वापरता येतं, पण ते उघड्यावर वितळवलं की त्याचा धूर लहान मुलांच्या मेंदूवर घाला घालतो. म्हणून जुनी बॅटरी नवी घेताना दुकानदारालाच परत द्यावी. २०२२ च्या नियमांनी ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे.

वेचण्याला कमी लेखू नये हे बसवकल्याणच्या मातीला वेगळं सांगायला नको. तिथल्या बाराव्या शतकातल्या शरण संतांमध्ये आयदक्की मारय्या होते. सांडलेले तांदळाचे दाणे वेचणं हेच त्यांचं कायक, म्हणजे श्रमाचं व्रत. एके दिवशी ते नेहमीपेक्षा जास्त तांदूळ घेऊन आले, तेव्हा पत्नी लक्कम्मांनी जादाचा तांदूळ जिथून आणला तिथे परत ठेवायला लावला, अशी कथा सांगतात. सांडलेलं उचलावं आणि गरजेपेक्षा जास्त घरात आणू नये. आजच्या पर्यावरणाच्या पुस्तकांत 'कमी वापरा' हे 'पुनर्चक्रीकरण करा' याच्या आधी येतं, तो क्रम लक्कम्मांना पाठ होता.

या दिवाळीला

झाडलोटीत निघालेल्या पसाऱ्याचे चार भाग करा. ओला कचरा खड्ड्यात किंवा कुंडीत, त्याचं खत होईल. कागद, पत्रा, काच, बाटल्या कोरड्या आणि धुतलेल्या, भंगारासाठी. बॅटऱ्या, ट्यूबलाइट, बिघडलेले मोबाइल आणि चार्जर निराळ्या खोक्यात. डायपर-पॅड कागदात गुंडाळून, खूण करून. फराळाच्या खरेदीला डबा आणि पिशवी घरून न्या. चकचकीत पाकीट घरात आलंच नाही तर त्याची विल्हेवाट लावायची वेळ येत नाही. पंचायतीची किंवा नगरपालिकेची गाडी वेगळा दिलेला कचरा पुन्हा एकत्र ओतत असेल, तर गप्प बसू नका, ग्रामसभेत किंवा नगरसेवकाला विचारा. घरातली मेहनत रस्त्यावर वाया जात असेल, तर तो हिशेब मागायचा हक्क आपला आहे.