नाताळची रोषणाई : लुकलुकणाऱ्या माळा आणि कामट्यांचा तारा

नाताळ आणि प्रकाश यांचे नाते मुळातूनच आहे. आगमनकाळात हिरव्या पानांच्या चक्रावर दर रविवारी एकेक मेणबत्ती वाढत जाते आणि चौथ्या रविवारनंतर सण दाराशी येतो. हा प्रकाश हळूहळू वाढणारा आहे. बाजारातून आणलेल्या विजेच्या माळांचा प्रकाश मात्र निराळ्या स्वभावाचा असतो. तो एकदम येतो, अंगावर धावून येतो आणि पुष्कळदा सण संपण्यापूर्वीच विझतो. गेल्या काही वर्षांत याविषयीची नाराजी अनेक घरांतून ऐकू येते. काही कुटुंबांनी तर माळा बाजूला ठेवून कामट्यांचा तारा, कागदी पताका आणि पेंढ्याचा गोठा यांकडे पुन्हा वळण्याचे ठरविले आहे. ही केवळ वडीलधाऱ्यांची हळहळ आहे, की त्यामागे काही कारण आहे, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

प्रथम माळा बंद का पडतात ते पाहू. आपल्या घरातील वीज २३० व्होल्टची असते. पांढऱ्या किंवा निळ्या एलईडी दिव्याला मात्र साधारण तीन व्होल्ट आणि तांबड्याला सुमारे दोन व्होल्ट पुरतात. म्हणून असे अनेक दिवे एकामागोमाग एक जोडून व्होल्टेज त्यांच्यात वाटून दिले जाते. जुन्या तारतंतूच्या माळांतही हीच युक्ती होती. सहा व्होल्टचे सुमारे चाळीस दिवे एका ओळीत जोडले की २३० चा हिशेब जुळत असे. आपल्याकडे या माळांना ‘सिरीज’ हे नाव पडले ते याच जोडणीवरून. अशा जोडणीत एक दिवा तुटला की त्या ओळीतील सर्व दिवे विझतात. अर्धी माळ उजळलेली आणि अर्धी काळोखी हे दृश्य सर्वांच्या परिचयाचे आहे. क्वचित बिघडलेला एलईडी वीज न अडवता सरळ पुढे जाऊ देतो. मग ओळ पेटलेली राहते, पण उरलेल्या दिव्यांवर जास्त भार येतो आणि तेही लवकर संपतात.

फरक आहे तो दुरुस्तीत. जुन्या माळेतील दिवा खोबणीतून उपसून दुसरा बसविता येत असे. घरातील एखादे काका संध्याकाळभर एकेक दिवा बदलून मृत दिवा शोधून काढीत आणि माळ पुन्हा पेटली की सगळे घर आनंदित होई. आजच्या स्वस्त माळांत दिवे तारेला कायमचे झाळलेले आणि प्लास्टिकमध्ये बंद केलेले असतात. तिथे बदलण्यासारखे काही नसते. त्यातच वसईसारख्या समुद्रकाठच्या प्रदेशात खारी, दमट हवा असते. अनेक एलईडींचे पाय कथिलाचा पातळ मुलामा दिलेल्या लोखंडाचे असतात. मुलामा उडाला की ते गंजतात. गच्चीवर दोन आठवडे टांगलेली माळ प्रकटीकरणाच्या सणापर्यंत टिकली तर नशीब म्हणायचे. प्रस्तुत लेखकाच्या घरी गेल्या वर्षी घेतलेल्या तीन माळांपैकी दोन नववर्षाच्या आतच निकामी झाल्या. दुकानदाराने त्या हातात घेऊनही पाहिल्या नाहीत, नव्या दाखविल्या.

दुसरी तक्रार डोळ्यांची आहे. घरातील वीज सेकंदाला पन्नास वेळा पूर्ण फेरा घेते. एलईडीतून वीज एकाच दिशेने वाहते. त्यामुळे ज्या माळेत वीज सरळ करणारी योग्य योजना नसते, तिचे दिवे सेकंदाला पन्नास वेळा पेटतात आणि विझतात. समोर रोखून पाहिल्यास ते कदाचित कळत नाही. पण मान वळविली की प्रकाशाची रेघ न दिसता ठिपक्यांची रांग दिसते. माळेसमोर हात वेगाने हलविला तर तो तुकड्यातुकड्यांत सरकल्यासारखा भासतो. ज्यांना अर्धशिशीचा त्रास आहे त्यांना अशी लुकलुक सोसत नाही. जुन्या दिव्याची तार तापलेली असल्याने त्या अल्प क्षणात थंड होत नसे, म्हणून त्याचा प्रकाश स्थिर वाटे. माळेच्या डबीवरील आठ प्रकारच्या उघडझापीविषयी तर काय सांगावे! शांत, न लुकलुकणारा प्रकार बहुधा शेवटी असतो आणि एकदा वीज गेली की स्वारी पुन्हा पहिल्या धांदलीच्या प्रकारावर येते.

तिसरी गोष्ट रंगाची. निळा एलईडी १९९० च्या दशकाच्या आरंभी तयार झाला. त्याबद्दल इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज आपण ज्याला पांढरा एलईडी म्हणतो तो बहुतेक वेळा निळा एलईडीच असतो. त्याच्यावर पिवळसर प्रकाश देणारा लेप चढवून पांढरा रंग साधलेला असतो. लेप कमी तर प्रकाश निळसर आणि थंड. प्रकाशाच्या रंगाचे मोजमाप केल्व्हिन या एककात करतात. मेणबत्तीचा प्रकाश सुमारे १९०० केल्व्हिनचा, जुन्या बल्बचा २७०० च्या आसपासचा आणि स्वस्त पांढऱ्या माळेचा ६००० किंवा त्याहूनही अधिक असतो. गोठ्यातील बाळ येशूच्या मूर्तीवर हा प्रकाश पडला की गव्हाणी रुग्णालयातील खाटेसारखी दिसते, असे एका आजींनी म्हटले होते. त्यात अतिशयोक्ती फारशी नाही.

विजेच्या नाताळची सुरुवात मात्र मोठ्या हौसेने झाली होती. त्यापूर्वी पाश्चात्य देशांत नाताळवृक्षावर जळत्या मेणबत्त्या लावीत आणि शेजारी पाण्याची बादली ठेवीत. १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये थॉमस एडिसन यांचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी आपल्या घरातील झाडावर लाल, पांढरे आणि निळे असे ८० दिवे लावले. झाड गोल फिरत असे. १९०३ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीने तयार माळा विक्रीस आणल्या. काचेच्या चमकदार गोळ्यांचे मूळ जर्मनीतील लाउशा या गावी आहे. १८८० पासून वुलवर्थ यांनी ते अमेरिकेत विकले. पुढे युद्धाच्या सावटात जर्मन माल दुर्मीळ होऊ लागला तेव्हा, १९३९ च्या सुमारास, कॉर्निंग कंपनीने विजेच्या बल्बची काच फुंकणाऱ्या यंत्रावरच हे गोळे काढण्यास प्रारंभ केला. युद्धकाळात धातूची टंचाई असल्याने आतला चंदेरी मुलामा गेला आणि पारदर्शक काचेवर रंगीत पट्टे ओढून भागविले गेले. हेच साधे, पट्ट्यांचे गोळे आज तेथील लोक जुन्या बाजारात हौसेने शोधतात.

येथे सावधगिरीचा एक शब्द लिहिणे आवश्यक वाटते. जुने ते सर्व चांगले, असे मुळीच नाही. १९५९ पासून अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातील मॅनिटोवॉक येथे ॲल्युमिनियमची चकचकीत नाताळझाडे बनू लागली. १९६५ च्या ‘ए चार्ली ब्राउन ख्रिसमस’ या व्यंगचित्रपटात त्याच झाडांची बाजारू नाताळचे प्रतीक म्हणून थट्टा केलेली आहे. आता तीच झाडे ‘जुन्या काळच्या सजावटी’ म्हणून जपली जातात! आपण आज ज्या माळांना नावे ठेवतो त्यांच्यासाठी आपली नातवंडे उसासे टाकणार नाहीत, याची खात्री कोणी द्यावी? शिवाय काही जुन्या वस्तू खरोखर घातक होत्या. झाडावर सोडायच्या चंदेरी झिरमिळ्या एकेकाळी शिशाच्या असत. कृत्रिम बर्फ म्हणून ॲस्बेस्टॉस विकले जाई. जुन्या माळांच्या तारांवरील आवरण तडकून आतले तांबे उघडे पडते.

विजेचा खर्चही एलईडीच्याच बाजूने बोलतो. जुन्या पद्धतीचे सात वॅटचे २५ मोठे दिवे रोज पाच तास असे पंधरा दिवस लावले तर सुमारे १३ युनिट वीज जळते. तेवढ्याच एलईडी दिव्यांना पाव युनिटही लागत नाही. जुन्या बल्बची बहुतेक शक्ती उष्णतेत जाते आणि उष्णतेचे कागदाशी पटत नाही.

म्हणून परत जायचे ते जुन्या बल्बकडे नव्हे, जुन्या ताऱ्याकडे. आपल्याकडील नाताळचा तारा हा दिवाळीच्या आकाशकंदिलाचाच भाऊबंद आहे. तेच बुरुडाकडचे बांबू, त्याच कामट्या, तोच पतंगी कागद आणि तीच कणकेची खळ. फिलिपिन्समधील कॅथलिक लोक ‘पारोल’ नावाचा असाच बांबू आणि कागदाचा तारा करतात. जर्मनीतील मोरावियन ख्रिस्ती लोकांचा पंचवीस टोकांचा तारा तर एकोणिसाव्या शतकात शाळेतील भूमितीच्या तासाला जन्माला आला. म्हणजे मुलांच्या हातून तारा घडावा ही कल्पना केवळ आपली नाही.

रचना सोपी आहे. सारख्या लांबीच्या दहा कामट्या घ्याव्यात. पाच कामट्यांचा एक, असे दोन पंचकोनी तारे सुताने बांधावेत. ते एकमेकांवर ठेवून पाचही टोके घट्ट आवळावीत. मग आतील बाजूस, जिथे कामट्या एकमेकींना छेदतात त्या पाच ठिकाणी, वीतभर लांबीच्या काड्या आडव्या घालून दोन्ही तारे एकमेकांपासून दूर लोटावेत. ताऱ्याला पोट येते. हीच खरी खुबी. एक बाजू दिवा घालण्यास थोडी उघडी ठेवून उरलेल्या भागावर कागद चिकटवावा. खळ ओली असताना कागद ताणू नये, वाळला की तो आपोआप ताठ होतो. आत ६० वॅटचा जुना बल्ब टाळून पाच वॅटचा पिवळसर प्रकाशाचा एलईडी बल्ब लावावा. वेष्टनावर २७०० केल्व्हिन हा आकडा पाहून घ्यावा. असा बल्ब पुष्कळ वर्षे चालतो आणि बिघडला तर तेवढाच बदलता येतो, तारा टाकावा लागत नाही. कागदापासून बल्ब चार बोटे दूर असावा आणि तारा पावसापाण्यापासून आडोशाला टांगावा.

मोठ्या माणसांच्या व्यवहाराला येथे एक अडचण नक्कीच आहे, ती वेळेची. नोकरीसाठी पहाटेची लोकल पकडणाऱ्यांना कामट्या सोलायला सवड कोठून मिळणार? बाजारातील माळ पाच मिनिटांत टांगून होते, हेच तिचे खरे बळ. पण ताऱ्याला एक संपूर्ण रविवार दुपार आणि घरातील चार जोड हात लागतात. आजोबांना कामटी तासता येते, नातवाला येत नाही, आणि आजोबांच्या पिढीबरोबर ही कला वसईतील कित्येक अंगणांतून निघून चालली आहे. तारा विकत आणता येईल, परंतु तो कसा बांधतात हे सांगणारा माणूस विकत मिळत नाही.

गोठ्याविषयीही थोडे लिहावे लागेल. संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ साली इटलीतील ग्रेचियो येथे जो नाताळ साजरा केला, त्यात गवत, बैल आणि गाढव एवढीच सामग्री होती. उजेड होता तो लोकांनी हाती आणलेल्या मशाली आणि मेणबत्त्यांचा. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी १ डिसेंबर २०१९ रोजी त्याच ग्रेचियो येथे गोठ्याविषयीच्या प्रेषितीय पत्रावर सही केली आणि घरोघरी, शाळांत, रुग्णालयांत, तुरुंगांतही गोठे उभारण्याची प्रथा चालू ठेवण्यास उत्तेजन दिले. आपले जुने गोठे या ग्रेचियोच्या जवळचे होते. चुरगळलेल्या खाकी कागदाचे डोंगर, आरशाच्या तुकड्याचे तळे, भाताचा पेंढा. त्यात एकच मंद दिवा पुरे, आणि तोही मूर्तींच्या मागे दडविलेला असावा, म्हणजे सावल्या पडतात.

डोंगरावरील हिरवळीसाठी गहू किंवा नाचणी पेरावी. गहू रात्रभर भिजवून पसरट ताटलीत मातीच्या पातळ थरावर दाटीने पेरला तर आठदहा दिवसांत बोट-दीड बोट उंच होतो. नाताळच्या आदल्या दिवशी तो गोठ्यात मांडायचा असेल, तर १४ डिसेंबरच्या आसपास पेरणी झाली पाहिजे. पहिले दोन दिवस ताटली झाकून ठेवावी आणि पाणी ओतण्याऐवजी हाताने शिंपडावे.